काचेत राहिलेली अक्षरं

एका खोलीत तीन माणसं अकरा वर्षं समोरासमोर बसली की कामाचं फारसं काही आठवत नाही, किस्से तेवढे आठवतात. आमच्या मळमड्डीतल्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो: हेडक्लार्क गोविंदअण्णा, कॉम्प्युटर ऑपरेटर शालिनीअक्का आणि मी. अण्णा पर्मनंट, मी पर्मनंट, अक्का टेंपररी. नोकरी सलग दिसू नये म्हणून दरवर्षी मेअखेर तिला दोन दिवस घरी बसवायचे आणि जूनमध्ये नवी ऑर्डर काढायचे. ती ऑर्डर अक्काच टाइप करायची. सही होऊन कागद फाइलला जायचा, तिच्या हाती कधी पडायचा नाही.

*

नव्वदीच्या सुरुवातीला पहिला कॉम्प्युटर आला, तो हिरव्या अक्षरांचा. अ‍ॅडमिशनचा प्रोग्रॅम उघडला की वरच्या ओळीत ऑपरेटरचं नाव यायचं. अक्का साडेदहाला तो उघडायची आणि थेट संध्याकाळी बंद करायची. चार-पाच वर्षांनी मशीन बंद केलं तरी काळ्या काचेवर ती ओळ दिसायला लागली. इंग्रजीत, ठसठशीत: ऑपरेटर शालिनी.

अक्काला वाटलं, धूळ असेल. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, स्पिरिटनं पुसलं, शेवटी घरून दंतमंजन आणून घासलं. मग हुबळीहून मेकॅनिक बसू आला. त्यानं काचेवर नख फिरवलं आणि कानडीत म्हणाला, "होगंगिल्री." जाणार नाही. अक्षरं आतून जळून बसलीत म्हणे. "दोन-चार महिन्यांत असं होत नाही अक्का. वर्षं लागतात."

अक्का म्हणाली, "ऑर्डर दोन दिवस मोडते, हे नाही मोडत का?" बसूला काही कळलं नाही. आम्हाला कळलं, पण आम्ही चहा मागवला.

*

अण्णांना भलतीच काळजी. दुपारी ते संस्थेची पत्रं अक्काच्याच मशीनवर टाइप करायचे. त्यांचं म्हणणं, काचेवर आहे ते आज ना उद्या कागदावर उतरणारच. वरच्या साहेबांच्या पत्रावर शालिनीचं नाव उमटलं तर? म्हणून ते आधी पाच वेळा एंटर मारायचे आणि मजकूर त्या नावाच्या खालून सुरू करायचे. मी प्रिंट काढून दाखवला. वर कोराच होता.

"आज नाही आलं," अण्णा म्हणाले, "उद्याचं काय सांगावं?"

दोनेक वर्षांनी कलघटगीच्या आमच्या शाळेकडून पत्रं यायला लागली, वर चार बोटं जागा कोरी सोडलेली. मी हेडमास्तरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "हेड ऑफिसची पद्धत ना ती? आम्ही आता दाखल्यांवरसुद्धा सोडतो."

*

खंडेनवमीला आमच्याकडे ऑफिसातल्या झाडून सगळ्या वस्तूंची पूजा. पंच मशीनलाही कुंकू लागायचं. त्या वर्षी अण्णांनी हौसेनं अक्काच्या मॉनिटरला झेंडूचा हार घातला, समोर उदबत्ती लावली आणि हात जोडून उभे राहिले.

अक्का नवी साडी नेसून दारात आली. समोर काळी काच, काचेवर तिचं नाव, भोवती हार.

"अण्णा," ती म्हणाली, "मी अजून आहे हो."

अण्णांनी हार उतरवून प्रिंटरला घातला. दिवसभर ते तिच्याकडे बघायला तयार नव्हते.

*

आमचे सेक्रेटरीसाहेब वेळेच्या सदुपयोगावर बोलायला लागले की घड्याळ विसरायचे. पुढं त्यांच्या केबिनमध्ये रंगीत मॉनिटर आला. काही वर्षांनी तोही जरा अंधुक झाला म्हणून बसूला बोलावलं. त्यानं पडदा पांढरा केला, तर त्यावर कॉम्प्युटरवर खेळायच्या पत्त्यांच्या डावाच्या चौकटी उमटलेल्या. वर काही, खाली ओळीनं सात.

बसू बिचारा साधा माणूस. त्यानं विचारलं, "साहेब, हे सात काय?"

"टाइमटेबल," साहेब म्हणाले. "दिवसाचे सात तास."

*

मग एका जूनमध्ये अक्काची ऑर्डर निघालीच नाही. तिच्या जागी सेक्रेटरींना दुसरं कुणी घ्यायचं होतं. अक्का चव्वेचाळीसची, दुसरीकडे अर्ज करायचं वय उलटलेलं. तिनं लेबर ऑफिसात दाद मागितली. संस्थेनं लिहून दिलं, बाई फक्त अ‍ॅडमिशनच्या दिवसांत यायच्या, वर्षाला दोन महिने. जुनी मस्टरं आणि ऑर्डरींची फाइल सापडत नाही, असंही लिहून दिलं. ते उत्तर मीच टाइप केलं. मला लाज वाटली, पण केलं.

पहिल्या तारखेला सुनावणीच्या साहेबांनी अक्काला विचारलं, "पुरावा काय?" तिच्या हाती एकही कागद नव्हता. पुढची तारीख पडली.

तेवढ्यात सेक्रेटरींनी नवे मॉनिटर मागवले आणि जुने भंगारात काढायला सांगितले. अण्णांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्यांनी भंगार बाहेर न्यायचा गेटपास टाइप केला, वर चार बोटं जागा सोडून. त्यावर सेक्रेटरींची सही घेतली. तारखेच्या दिवशी अक्काचा मॉनिटर उचलून रिक्षात बसले, तो मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "नवनगर." सुनावणी तिथंच होती. मी स्कूटरवर अक्काला मागे बसवून निघालो.

अण्णांनी मॉनिटर साहेबांच्या टेबलावर ठेवला. घामानं त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता.

संस्थेचे वकील म्हणाले, "हे काय आणलंत?"

साहेबांनी चष्मा लावला. "चालू आहे का हे?"

"वायरच आणली नाही साहेब," अण्णा म्हणाले.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. वाफ सोडून पुन्हा पुसली. नखानं खरवडून बघितलं. मग अक्काकडे वळून त्यांनी कानडीत विचारलं, हे जात नाही का?

"होगंगिल्री," अक्का म्हणाली. "मी पण खूप पुसलं. वर्षं लागतात म्हणे हे असं बसायला."

साहेबांनी रुमालाची घडी घातली आणि स्टेनोला सांगितलं, "लिहा. संस्थेच्या मॉनिटरवर अर्जदाराचं नाव आहे. पुसून पाहिलं. गेलं नाही."