सफेदा आणि काजळी

जानेवारी १९५५. चोपडा, मुलींच्या शाळेचं संमेलन. रंगायच्या खोलीत हजर: संगीताच्या बाई, तोंडं रंगवणारे नाना, नाचातल्या सहा मुली आणि मी. आई नंतर आली.

नाटुकलं लहानसं होतं. राणी रानात येते, गाणं म्हणते, रानातल्या बायका तिच्यापुढे नाचतात, पडदा. राणीचं काम मला मिळालं, कारण वर्गात गाता गळा माझा होता. बाईंनी तेवढंच पाहिलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल पाड्यावरून वसतिगृहात आलेली मी एकटीच होते, म्हणून त्यांचे आभार आधी.

बाकी सगळं रिवाजाप्रमाणे चाललं होतं. राणी गोरी असते, म्हणून नानांनी माझ्या तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना सफेदा फासला. नाचातल्या मुली गावातल्या, उजळ. त्यांना भिलिणी करायचं, म्हणून खोबरेलात काजळी कालवून त्यांना काळं केलं. अंगावरची चांदी मात्र खरी होती. शाळेनं मागितली म्हणून आईची आणि मावश्यांची हसळी, वाळे मीच घरून आणले होते. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. मी आरशासमोरून हलत नव्हते.

मग आई आली. घरी आम्ही भिली बोलायचो. त्या दिवशी ती अहिराणीत बोलली, म्हणजे बोलणं सगळ्यांसाठी होतं. तिनं एकीच्या गळ्यातली आपली हसळी ओळखली, ती नीट बसवून दिली आणि म्हणाली, "ह्या बठ्ठ्या मन्याच पोरी दिखतस. मनी पोर कोठे शे?"

सगळ्या तिच्याच पोरी, मग तिची पोर कुठे, यावर मुली हसल्या. मी हातभर अंतरावर उभी होते. मी हाक मारल्यावर तिनं माझी हनुवटी धरली, गालावरून बोट फिरवलं, बोटाचं पांढरं लुगड्याला पुसलं. रागावली नव्हती. गाणं सुरू झालं की आवाजावरून ओळखेन, एवढं सांगून बायकांत जाऊन बसली.

आईनं मला आवाजावरून ओळखायचं, हे काही मला पटेना. मागच्या दारी रांजण होता. जुन्या परकराचं टोक भिजवून मी घासायला लागले. सफेदा लवकर निघत नाही. दुसरी घंटा झाली तेव्हा कुठे सगळा निघाला, आणि नाना शोधत आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"अगं पोरी, राणी आहेस तू," म्हणाले आणि डबा आणायला वळले.

त्यांच्या मागोमाग आलेल्या बाईंना मी म्हटलं, "बाई, मी अशीच जाते. चालत नसेल तर दुसरीला पाठवा."

दुसरी खरंच होती आणि तिला गाणं पाठ होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझा कललेला मुकुट सरळ केला.

"नाना, डबा राहू द्या. पेटी सुरू झालीय."

पडदा उघडला तसा पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, राणी उन्हात वाळत घातली होती काय रे. हशा झाला. गाण्याची पहिली ओळ त्यात गेली. दुसरी मी तिच्याहून मोठ्यानं म्हटली. अंतऱ्यापर्यंत मांडव गप्प झाला होता, आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात मला आई दिसली. माझ्याकडे बोट करून शेजारणीला काहीतरी सांगत होती.

नंतर मुली तेल लावून काजळी काढत बसल्या. एकीची मान काही केल्या स्वच्छ होईना. "तुझं बरं आहे," ती वैतागून म्हणाली, "तुला काही काढायचं नाही." तिला कळलं नाही, पण इतकं चांगलं मला तोवर कुणी बोललं नव्हतं. मी तिची मान चोळून दिली. पुढच्या वर्षी नानांनी माझ्या डोळ्यांत नुसतं काजळ घातलं आणि सफेद्याचा डबा माझ्यापुढे उघडलाच नाही. त्यांचेही आभार.

त्या रात्री चांदी फडक्यात बांधताना आईनं विचारलं होतं, राणीचं झालं, आपलं कधी म्हणशील? म्हणजे होळीचं भिली गाणं, ती म्हणते ते. पुढे मी ते धुळ्याला म्हटलं, जळगावला म्हटलं. चोपड्याच्या त्या शाळेत, आई समोर बसलेली असताना, अजून म्हणायचं आहे. तिला आता कमी ऐकू येतं. या होळीच्या आत शाळेला विचारायला हवं.