दर पाच मिनिटांनी येणारा आवाज

गेल्या सोमवारी नारायण पेठेतल्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत डॉक्टर, बायको आणि मी, असे तिघेच होतो. तपासणीची फी आठशे रुपये होती.

बायकोला फिट्स येत, म्हणून वर्षापूर्वी तिच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. ते दर पाच मिनिटांनी मानेतल्या व्हेगस नसेला अर्धा मिनिट हलकी वीज देतं. त्याच नसेची एक फांदी स्वरयंत्राकडे जाते, त्यामुळे तेवढा वेळ तिचा आवाज घोगरा होतो. तो हुबेहूब माझ्या आईचा आवाज आहे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. स्वयंपाकघरातून तो ऐकू आला की मी अजूनही उठून उभा राहतो.

मी डॉक्टरांना वीज कमी करायची विनंती केली. "करतो," ते म्हणाले, "पण फिट परत येऊ शकते."

"अहो, राहू द्या," बायको म्हणाली. "सासूबाई घरात हिंडल्या तरी चालेल, मी पडायला नको."

बाहेर येऊन मी काउंटरवरच्या बाईंना पाचशेच्या दोन नोटा दिल्या. मागून आईच्या आवाजात प्रश्न आला, "उरलेले मोजून घेतलेत का?"

शंभराच्या दोन नोटा मी पुन्हा मोजल्या.