नंदीशेजारचा रणगाडा

मनोहरमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी तास संपवून स्टाफरूमकडे येत होते. फोनवर मामीचा आवाज रडका नव्हता, फक्त थकलेला होता. "सुषे, तुह्या मामानं डोळे मिटले... तू निंघ." वर्ध्याहून एसटीनं आर्वीला पोचले तेव्हा घरासमोर माणसं जमली होती आणि नात्यातले दोघे बैठकीतून एक रणगाडा उचलून अंगणात नेत होते. मामांना ठेवायला जागा करायची होती. तेवढ्यात आतून मामी ओरडली, "पट्ट्याले धरू नका गा, खालून हात घाला! आन उन्हात कायले ठेवता? इथंच भिंतीले लावा." मी दारातच थबकले. या गाड्यांना मामीनं जन्मभर 'तुह्या मामाच्या सवती' म्हटलं होतं.

माझे मामा फौजेत रणगाडा चालवायचे. निवृत्तीनंतर आर्वीत येऊन त्यांनी मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं आणि हळूहळू रिमोटवर चालणारे रणगाडे जमवायला लागले. खेळण्यातले नव्हेत. एकेक रणगाडा बाळाच्या पाळण्याएवढा, उचलायला दोन माणसं लागणारा. काहींचे सुटे भाग त्यांनी बाहेरून मागवले, एक तर सगळाच पत्रा कापून घरी केला. याचंच वेड कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आमी सारी नोकरी गाडीच्या पोटात काढली वो. गाडी चालतानी बाहेरून कशी दिसते, हे निवांत पाह्यलंच नाई कधी."

मूलबाळ नसलेल्या त्या घराची बैठक अशी रणगाड्यांनी भरली. सोफा आधीच गेला, मग दिवाणही मागच्या खोलीत गेला. मामांनी लोखंडी अँगलची मांडणी केली, खालच्या फळीवर जड गाड्या, वर हलक्या. प्रत्येकीच्या पोटाखाली लाकडी गुटके, म्हणजे चाकांवर भार येऊन रबर चपटं होत नाही. चाकांभोवतीचे पट्टे सैल केलेले. बॅटऱ्या काढून वाळूच्या डब्यात वेगळ्या. रंग उडू नये म्हणून खिडकीला जाड पडदा. पाहुणे आले की मामी चहा देताना म्हणायची, "बसा न, तोफेच्या बाजूनं सरकून बसा." पाहुणे हसायचे, मामा पण हसायचे. मामी हसायची नाही.

आष्टीकडच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी त्या घरात आले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. अभ्यासाला मला बैठकीतलाच कोपरा मिळाला. संध्याकाळी मी पुस्तक उघडलं की मामा बॅटरी चार्जिंगला लावायचे आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचे. "चार्जिंग सोडून जाता येत नाई, गरम होते," म्हणायचे. गणितात अडले की तेही काही सांगू शकत नव्हते. फक्त बसायचे... पुढे कधीतरी लक्षात आलं की बॅटरीचा हिरवा दिवा केव्हाच लागलेला असे, आणि तरी माझं पुस्तक मिटेपर्यंत ते उठत नसत. मी आज मुलींना शिकवते, त्यामागे ती खुर्ची आहे.

या गाड्या वर्षातून एकदाच गावाला दिसत, तान्ह्या पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून ओढत मारुतीच्या पारावर नेतात. मामांच्या घरीही चाकांचा जुना नंदी होता, मामीनं सासूकडून घेतलेला. पहिल्याच वर्षी मामांनी नंदीचा दोर रणगाड्याला बांधला. मामी संतापली. "देवाले लढाईच्या गाडीमागं बांधता? लाज नाई वाटत?" मामांनी मुकाट्यानं दोर सोडला, गल्लीतल्या मुलांच्या हाती दिला. "ठीक हाये. देव पुढं, फौज मागं." तेव्हापासून तसंच चाललं. पुढे नंदी, मागे घरघर करत रणगाडा, आणि त्याच्या मागे रिमोट छातीशी धरलेले मामा.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास मामा दम्यानं दवाखान्यात होते. मामीनं रीतीप्रमाणे नंदी काढला, जवसाच्या तेलाचा हात फिरवून लख्ख केला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, धूळ बसलेला सगळ्यात मोठा रणगाडा तिनं पुसायला घेतला आणि त्याच्या चाकांनाही तेच तेल चोळलं. तेल संपलं म्हणून बाकीचे वाचले. मामा घरी आले तोवर चाकांचं रबर फुगून मऊ, चिकट झालं होतं. तो रणगाडा पुन्हा चालायचा नाही, हे त्यांना पाहताक्षणी कळलं असणार. मामी दाराशी उभी होती. "आवो, कोरडं पडलं होतं म्हणून..." मामांनी चाकावर अंगठा दाबला, बराच वेळ दाबून धरला. म्हणाले, "चांगलं केलं. चमकून राह्यलं."

शेवटची भेट जाण्याआधी महिनाभराची. बोलताना धाप लागत होती. "माह्या मागं गाड्यायचं काय होईन? तुही मामी भंगारात देईन, आन तिची चूक नाई त्यात. तिनं लय सोसलं. तू कॉलेजात घेऊन जा. तिची बैठक तिले वापस भेटू दे." मी तिथूनच प्राचार्यांना फोन केला. प्रयोगशाळेबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. ते ऐकून त्या रात्री मामांना निवांत झोप लागली.

तेरवीनंतर मी टेम्पो घेऊन गेले. मामीला कसं सांगावं, याचीच धास्ती होती. बैठकीत पाऊल टाकलं तर गाड्या तयार होत्या. प्रत्येक गाडी मामीच्या जुन्या सुती लुगड्यात बांधलेली, गुटके वेगळ्या पिशवीत, बॅटऱ्यांचा डबा दाराशी. "तेयनं सांगतलं होतं मले. तुह्यापाशी बोलले, मंग माह्यापाशी बोलले. पोरायले दिसू दे. पडदा मात्र लावजो, ऊन नको लागू देऊ." मग सगळ्यात मोठ्या रणगाड्यापुढे उभी राहिली. "हा नाई देत. हा माह्या हातानं बिघडला. याले कोण पाहीन?"

मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकावर वाळलेल्या तेलात मामीच्या बारीक बोटांचे ठसे होते, तेल चोळतानाचे. त्यांच्या शेजारी मऊ रबरात एक रुंद, खोल ठसा... अंगठ्याचा.

बैठकीत आता दिवाण परत आला आहे. यंदा दुःखामुळे सण नव्हता, तरी तान्ह्या पोळ्याला मी मामीकडे गेले. तिनं कोपऱ्यातला कपडा काढला. खाली नंदी आणि रणगाडा शेजारी होते. सण नसला तरी नंदीला तिनं जवसाच्या तेलाचा हात फिरवला. मग उठून मोरीवर गेली, साबणानं हात धुतले, पदराला पुसले, वास घेऊन पाहिले, पुन्हा धुतले. आणि कोरडं फडकं घेऊन रणगाड्याजवळ बसली. सगळं पुसलं. पुढचं चाक तेवढं सोडलं.