हातगुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — कदाचित तुम्ही सारिकाला ओळखत नाही म्हणून.

सारिका घोडेगावच्या वरच्या अंगाची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मी अवसरी बुद्रुकची, बागायतदाराची मुलगी. पुण्यात एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर आमचं पीएचडीचं काम चालायचं आणि शनिवारी एकाच एसटीने आम्ही गावी यायचो. ती मला ताई म्हणायची. अजूनही म्हणते — तेच तर अवघड आहे.

काम असं, की काचेच्या पट्टीवर सोन्याचे कण वाढवायचे, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. आधी काचेवर सोन्याचं बी चिकटवायचं, मग पट्टी द्रावणात बुडवून ठेवायची, म्हणजे बी वाढतं. कण त्रिकोणी झाले तर पट्टी निळी दिसते, आणि पाण्यात फवारणीचं औषध असलं की तो निळा बदलतो. कण गोल झाले तर पट्टी लाल, आमच्या कामाला निरुपयोगी. सारिकाच्या वडिलांची मेंढरं एकदा टोमॅटोच्या बांधाला साचलेलं पाणी पिऊन मेली होती. मेंढपाळाच्या खिशात मावेल अशी पट्टी तिला करायची होती. मला? मला पदवी हवी होती.

तिच्या पट्ट्या निळ्याशार यायच्या, माझ्या निळ्या पण कळकट. सारिकाच्या हाताला गुण आहे, असं सर सगळ्यांसमोर म्हणायचे. मी हसायचे आणि आतून जळायचे. मेंढरामागची पोर माझ्यापुढे जाते — हो, अगदी ह्याच शब्दांत मनात यायचं.

मग द्रावणात घालायच्या साबणासारख्या पुडीची बाटली संपत आली. नवी आली, जास्त शुद्ध. सारिकाने नवी घेतली आणि जुनीतलं उरलेलं माझ्यासाठी ठेवलं. तुझं मधेच अडायला नको, म्हणाली. त्या आठवड्यापासून तिच्या पट्ट्या लाल यायला लागल्या.

कारण कळायला मला किती दिवस लागले असतील? तीन. जुन्या पुडीत आयोडीनचा किंचित मळ होता आणि त्या मळानेच सोन्याला कोपरे फुटत होते. सारिका जेवायला गेली असताना मी तिचं थोडं द्रावण घेतलं, त्यात जुन्या बाटलीतली चिमूट टाकली. पट्टी निळी आली. ती मी फोडून कचऱ्यात टाकली — आणि बाटली माझ्या ड्रॉवरमध्ये, एप्रनखाली सरकवली.

सारिका चार महिने झटली. भांडी घासली, पाणी बदललं, वजनकाटा तपासून घेतला. हुशारच ती, शेवटी नेमकं तेच विचारलं.

"ताई, तुज्या निळ्या येत्यात. पूड जुनीच हाय का गं?"

"ती केव्हाच संपली. मीही नवीच घेते," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबता आलं नसतं का? पण नाही, वर म्हणाले, "हातगुणाचं असतं गं हे. कधी असतो, कधी जातो."

तिने विश्वास ठेवला. एवढं शास्त्र शिकलेली मुलगी — स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत राहिली.

समितीसमोर तिने लाल पट्ट्या ठेवल्या. मुदत वाढवून मिळाली नाही, ती गावी परतली. आयोडीनचं प्रकरण मी माझ्या प्रबंधात लिहिलं, माझा शोध म्हणून. मला नोकरी लागली. कुठल्या मेंढपाळाच्या खिशात मात्र पट्टी गेली नाही. आणि ती बाटली? माझ्या कपाटात आहे, तळाला चमचाभर पूड आहे. ती टाकून द्यायला हात धजत नाही.

दीड महिन्यापूर्वी सारिकाच्या सासरी गेले होते. टोमॅटोची लागवड होती. पहिलं रोप सुनेने लावावं असं सासूबाईंच्या मनात होतं, पण सारिकाने हात मागे घेतला. विरजणसुद्धा लावत नाही ही, लोणच्याला हात लावत नाही, सासूबाई हसत सांगत होत्या. सारिकाने रोप उचलून माझ्यापुढे धरलं.

"तू लाव ताई. माज्या हाताला गुण न्हाई. तुज्या हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं — खरंच आलं होतं.

मी रोप घेतलं. वाकून लावलं, बोटांनी बुडाशी माती दाबली.

परवा तिचा फोन आला. पहिल्या रोपाला फुलं आलीत, म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं.