सिनेमातली हाक

सिनेमा अकोल्याले लागणार होता, एकच खेळ, तोही सकाळचा. अमरावतीच्या पोट्ट्यांनी घरचे पैसे घालून काढलेला. नट व्हायचं म्हणून वणवण फिरणाऱ्या चौघांची गोष्ट. काम कोणी देत नाही अन् यांची खोड जात नाही. हसायचा सिनेमा म्हणत. मले हसायचं नव्हतं. त्यात माझी बायको होती, अन् तिले जाऊन वर्षही भरलं नव्हतं.

झालं असं, का तालमीच्या सीनसाठी पोट्ट्यांनी आमची गच्ची मागितली. उन्हाळा होता, वर हिच्या कुरडया वाळत होत्या. एकाचा पाय पडला. हिनं त्याचा असा उद्धार केला, का दिग्दर्शक पोट्टा हात जोडून म्हणे, काकू, हेच सिनेमात करा. ती तयार झाली. फक्त एका जागी अडली. कागदात नवऱ्याले नावानं हाक मारायची होती.

"मी घरच्याचं नाव कधी घेतलं नाही, तुमच्या कागदातल्या परक्या बुढ्याचं कावून घेऊ?"

मग घरी मारते तशीच हाक मारली म्हणे. मी त्या दिवशी परतवाड्याले लग्नात होतो. आयकली नाही.

घरात तिचा फोटो आहे, हार घातलेला. आवाज कुठंच नाही. म्हणून जायचं होतं. पण आधी त्या पोट्ट्याचा फोन आला, का सिनेमा लांबला, बरंच कापावं लागलं. मी विचारलं, काकू आहे का? तो म्हणे, काका, तुम्ही या तर. सरळ उत्तर न देणाऱ्या माणसाचा मले रागच येते.

बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी तोंडातली सुपारी तशीच होती. पोरगी अकोल्यातच दिली आहे, ती थेटराच्या दारात भेटली. आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. पडद्यावर एक पोट्टा म्हशीपुढं भाषण पाठ करून राहिला होता. कोणी हसेना. मध्यंतर झालं, गच्ची आली नाही. दिग्दर्शक मागच्या भिंतीले टेकून नखं खात होता. मी त्याच्याकडं गेलो नाही. गेलो असतो तर हात उठला असता.

मग आमचा जिना दिसला. टवका उडालेली पायरी. अन् ती, जांभळ्या लुगड्यात, कमरेवर हात. पोट्ट्याले झापू लागली तसे लोक हसले. त्याच्यावर हसून राहिले का हिच्यावर, मले समजेना. खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ती जिन्याकडं वळली.

"अवो, आयकून राह्यले काय? वर या जरा."

"आलो," मी म्हणलो. मोठ्यानं. अन् उभा राहिलो.

पडद्यावर ओ द्यायले कोणी नव्हतं. तिनं वाट पाह्यली, पदर खोचला.

"झोपला असन बुढा. त्याच्या भरवशावर कुरडया राहात नाही."

तेव्हा सगळं थेटर हसलं. पोरगी सदरा ओढून बसा म्हणे. मागूनही कोणी म्हणे, आजोबा, दिसून नाही राह्यलं. ती जिना उतरून राहिली होती. मी बसलो नाही. खाली येईल तोवर थांबायचं होतं.

पोट्ट्यांनी तिच्या शेवटच्या पायऱ्या कापल्या होत्या.