ताणावर सोडलेली झाडं

सौंसरच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. रोज पांढुर्ण्याहून बसने ये-जा. आठवीला पर्यावरणाचे शब्द शिकवायचे म्हटले की माझ्या अंगात मास्तरीण संचारायची. पर्णगळ, आर्द्रता, मृदा, बाष्पोत्सर्जन. फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून घोकून घ्यायचे. यातला एकही शब्द मुलांच्या घरी बोलला जात नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमानच होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला : झाडाचे पाणी बंद केल्यास काय होते? सोबत छापील उत्तर होतं : झाड सुकते व मरते. एका मुलीनं लिहिलं, ‘पर्णगळ होते. मग पाणी दिलं की झाड फुलतं.’ मी तिला भोपळा दिला. वर ‘नीट अभ्यास कर’ असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन माझ्यासमोर उभी. तिचे वडील संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करतात.

“मॅडम, हे चूक कसं?”

“पुस्तकात काय लिहिलंय?”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं संत्रं लावलं नसन. माहे बाबा दरसाल हेच करून राहिले. तुम्ही या ना बगीच्यात, डोळ्यानं पाहून घ्या.”

पोरगी उद्धट वाटली. पण प्रश्न फक्त दोन गुणांचा नव्हता. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेला विज्ञानात पहिली येणारी मुलगी जाणार होती, आणि त्या दोन गुणांवाचून ती दुसरी ठरत होती. म्हणून रविवारी गेले.

बगीचा कोणाचा, हे मी विचारलंही नाही. झाडं मलूल, खाली पानांचा सडा, जमिनीला भेगा. तिचे वडील म्हणाले, “ताणावर सोडले हायेत, मॅडम. काळ्या जमिनीत जास्त दिवस लागते, मुरमाडात कमी. मग पाणी दिलं का बहार येते. ताणच नाही देल्ला तं नुसता पाला वाढते.” कोपऱ्यातल्या मुरमाड पट्ट्याला त्यांनी आधीच पाणी सोडलं होतं. तिथली झाडं पांढऱ्या कळ्यांनी भरली होती. संत्र्याच्या मुलखात जन्म गेला माझा, खाताना कधी हात आखडता घेतला नाही. पण हे झाड फुलवतात कसं, ते मला आठवीतल्या मुलीकडून कळलं.

सोमवारी मी भोपळा खोडला, पूर्ण गुण दिले आणि पेपर मोठ्या सरांपुढे ठेवला. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांनी छापील उत्तरावर बोट ठेवलं.

“मॅडम, वरून आलेलं उत्तर आहे. आपण कोण बदलणारे?”

“मी विज्ञान शिकवणारी.”

“एका पोरीसाठी कायले वाद घालून राहिल्या? स्पर्धेच्या यादीवर सही करा. तिच्याऐवजी दुसरी पोरगी जाईल तं काय बिघडते?”

“जिचं उत्तर बरोबर, तिचं नाव नसेल तर मी सही करणार नाही.”

विज्ञानाच्या शिक्षकाच्या सहीशिवाय यादी पुढे जात नाही. ती टेबलावर पडून राहिली. सहकारी समजावून गेले. “नोकरी करायची हाय ना?” असंही एकानं विचारलं. करायची होती. पण मी अडून बसले, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी मुलीलाच बोलावलं. मी शेजारी उभी राहिले.

“काय गं, पाणी तोडलं तं झाड मरत नाही?”

“किती दिवस तोडलं, सर? अन् जमीन कोणती?”

“मलेच विचारून राहिली?”

ती घाबरली होती. फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. पण मान खाली घातली नाही.

“सर, तुमच्या बगीच्याचं पाणी माह्या बाबानंच बंद केलं. तुम्हीच तं सांगितलं होतं, ताण द्या म्हणून.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग यादी ओढून तिचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी हात पुढे केला नाही.

“आधी ते छापील उत्तर खोडा, सर,” मी म्हटलं. “मग सही.”