रिता सिस्टरचा चिमटा

कोरोनाची तिसरी लाट आली तेव्हा कोंढ्याच्या बाजूच्या गावांनी तिची फारशी दखल घेतली नाही. पहिलीला लोक घाबरले, दुसरीत रडले, तिसरीत त्यांनी लग्नाच्या तारखा काढायला घेतल्या.

रिता सिस्टर मात्र अजून दुसरीतच होती.

ड्युटीवर ते कुणाला कळलं नसतं. सरकारी दवाखान्यातल्या कोरोना वॉर्डात तिची सुई पहिल्याच टोचणीत शिरेत जाई. घाबरलेल्या नातेवाइकांना ती फोनवर शांतपणे सांगे, पहिले हात चोळा, गरम करा, मग बोटाले मशीन लावा; थंड हातावर मशीन खोटं बोलते. हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की तिचा नवरा बुधराम ते जाळं विणता विणता पुटपुटायचा.

गडबड घरी होती. घरी आली की आधी आंघोळ, मग पर्समधला ऑक्सिमीटर. सासू बेबीबाई त्याला चिमटा म्हणत. जेवायच्या आधी चिमटा, जेवल्यावर चिमटा. बेबीबाईंनी तो अंगाऱ्यासारखा मान्य केला होता: गुण येतो की नाही ठाऊक नाही, पण नको म्हणू नये. शेळीच्या कानाला लावलेला दिसला तेव्हा मात्र त्यांनी मुलाला विचारलं, हे झोपते कधी? बुधरामनं विषय बदलला. ती झोपत नव्हती. रात्रभर बुधरामच्या नाकाखाली बोट धरून बसायची. दुसऱ्या लाटेत एक पेशंट तिच्याशी धानाच्या भावाबद्दल बोलत होता आणि वाक्य अर्धं ठेवून गेला. तेव्हापासून नीट बोलणाऱ्या माणसावर तिचा भरवसा उरला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी तिला मनाच्या डॉक्टरांना भेटायला बजावलं होतं. ते दर मंगळवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसत. स्टाफ तिकडे फक्त खुर्च्या आणायला जाई. रिता गेली, ‘मले काय झालं?’ असं स्वतःलाच म्हणाली आणि एक खुर्ची घेऊन आली.

अशाच एका मंगळवारी, पौषातल्या सकाळी, बुधराम गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, छातीभर पाण्यात उभा राहून झिंगे धरून घरी आला. बोटं वांग्यासारखी जांभळी. रितानं चिमटा लावला. चौऱ्याहत्तर. दुसऱ्या बोटाला लावला. एकाहत्तर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ड्युटीच्या आवाजात बोलली, आणि त्या आवाजापुढं एकदा सरपंचही सरळ झाला होता.

“पोटावर झोपा.”

बुधराम ओल्या लुंगीनिशी अंगणातल्या खाटेवर पालथा पडला. त्यानं तिचंच वाक्य तिला परत करून पाहिलं. “अवो, थंड हातावर मशीन...”

“बोलू नका. बोलल्यानं दम लागते.”

भूक लागली, असं तो खाटेत तोंड खुपसून म्हणाला. तिनं ते बरळण्यात धरलं आणि दवाखान्याच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर जागेश्वर याला फोन लावला.

शेजारी कुंपणापलीकडं जमले. अंतर राखून, मास्क हनुवटीवर ठेवून. गाडी आली तेव्हा बेबीबाईंनी एकच हट्ट धरला, की पोरगा उपाशी जाणार नाही. चुलीवरून नुकताच उतरवलेला भाताचा गंज, अख्खं पातेलंच, त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यामुळे गाडीत त्याला पालथं झोपवता येईना. रितानं त्याला बसवूनच ऑक्सिजनचा मास्क बांधला आणि आकड्यावर डोळे लावले.

ब्याऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव.

“ऑक्सिजन लागू पडून राहिला,” ती म्हणाली.

जागेश्वरनं आरशातून पाहिलं. बोलावं की नाही यावर त्यानं बराच रस्ता काढला. “सिस्टर, सिलिंडरची चावी तर माह्या खिशात आहे.”

रितानं आधी गंजाकडं पाहिलं, मग गंजाला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेल्या नवऱ्याकडं. त्याची बोटं चांगली लाल झाली होती.

बुधरामनं मास्क खाली ओढला. “आता बोलू का?”

ती हसली. मग हसणं थांबेना. मग ते हसणं राहिलं नाही. बुधरामनं एका हातानं तिला धरलं. दुसऱ्या हातानं गंज.

जागेश्वरनं गाडी बाजूला घेतली. “परत फिरवू का? मी कोणाले नाही सांगत.”

जागेश्वरनं न सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पार तालुक्याला, पवनीला पोचते, हे रिताला माहीत होतं. पण तिला भीती त्याची वाटली नाही. गाडी फिरली तर संध्याकाळी पुन्हा चिमटा हातात येईल, आणि उद्या बोडीचं पाणी आजच्याइतकंच थंड असेल.

“आज मंगळवार ना?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“हो.”

“मंग चला, भाऊ. पेशंट आहे गाडीत.”

“कोण?”

“मी.”

ती स्ट्रेचरवर आडवी झाली आणि पुढचं गाव यायच्या आत झोपली. जागेश्वरनं सायरन लावला नाही, खड्डेही चुकवले, जे तो एरवी कुणासाठी करत नसे. बुधरामनं तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. खात्री झाली तेव्हा त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडली.